गवत प्लॅस्टिकचं, जमीन काळी

गुडघे टेकून दादांनी आधी तळहात गवतावरून फिरवला. एकदा घराकडं, एकदा फाटकाकडं. घराकडं हात सरसर गेला. फाटकाकडं फिरवताना पाती उभी राहून हाताला टोचली. "बाक घराकडं हाय," ते सोबतच्या पोराला म्हणाले. "तुकडा तसाच बसला पायजे. न्हायतर लांबून ठिगळ दिसतं."

बारामतीतल्या एका बंगल्याचं अंगण, फेब्रुवारीतली सकाळ. दिवाळीत भुईनळ्यानं पाडलेलं भोक अजून तसंच होतं, दोन तळहात मावतील एवढं. कडेच्या पात्यांच्या वितळून काळ्या गोळ्या झालेल्या. ही पाती बहुधा पॉलिथिलीनची असतात, आणि ते सव्वाशे अंशांच्या आसपासच पाघळतं. भुईनळ्यापुढं त्याचा काय निभाव लागणार?

दादा पूर्वी लग्नाच्या मंडपात गालिचे अंथरायचे. आता लॉन बसवतात आणि दुसऱ्यांनी बसवलेलं दुरुस्त करतात. इथं सगळे 'लॉन'च म्हणतात. 'टर्फ' म्हटलं की जाळी लावलेलं, रात्री दिव्यांखाली तासाच्या भाड्यानं खेळायचं क्रिकेटचं मैदान.

तुकडा आणायचा कुठून, हा खरा प्रश्न होता. बसवताना उरलेली गुंडाळी मालकांनी केव्हाच फेकून दिली होती. बाजारातून नवा आणला तर चालणार नव्हता: उन्हानं विटलेल्या हिरव्यात नवा हिरवा डोळ्यांत खुपतो. दादांनी अंगणभर नजर फिरवली आणि पाण्याच्या टाकीमागची पट्टी दाखवली. तिथलं गवत तेवढंच ऊन खाल्लेलं, आणि तिथं जातंय कोण? टाकीमागं खडी टाकायचं ठरलं.

कापायचं उलट्या बाजूनं, पाठीवरच्या दोन शिवणींच्या मधून. वरून कटर चालवला तर पाती छाटली जातात आणि जोडावर टक्कल पडतं. भोकाभोवतीचा चौकोन काढला, खाली जोडपट्टी सरकवली, निम्मी इकडं, निम्मी तिकडं. गोंद दातेरी पत्र्यानं पसरला. मग दोघेही काही न बोलता थांबले. गोंद बोटाला चिकटेल पण सोबत येणार नाही, तेव्हा तुकडा ठेवायचा. ठेवताना खाली अडकलेलं एकेक पातं नखानं वर ओढायचं. एवढ्याशा चौकोनाला पाऊण तास लागला. दोन शिवणींत जेवढं अंतर, तेवढंच जोडात. कमी झालं तर उंचवटा, जास्त झालं तर भांग. वर सिलिका वाळूची दोन पोती ठेवली आणि दहाच्या आत हात धुतले. दुपारी गोंद पसरायच्या आधीच सुकायला लागतो. मे महिन्यात तर हे गवत साठ अंशांच्या पुढं तापतं. अनवाणी उभं राहवत नाही.

पोती उचलल्यावर त्यांतलीच वाळू पात्यांच्या बुडाशी भरली आणि खराट्यानं बाकाच्या उलट झाडलं. वाळूच्या वजनानं गालिचा जागा सोडत नाही आणि पाती उभी राहतात. गाळपाच्या दिवसांत कुठं पाचट पेटलं की काजळी उडून येते. तिच्यावर पाणी मारायचं नाही, काळं फासल्यासारखं होतं. कोरडीच झाडायची.

हे गवत गाजलं नाइलाजातून. अमेरिकेत ह्यूस्टनचं छताखालचं ॲस्ट्रोडोम मैदान १९६५ मध्ये सुरू झालं. छताची पारदर्शक तावदानं रंगवावी लागली, ऊन अडलं, खरं गवत मेलं. पुढच्या वर्षी प्लॅस्टिकचं अंथरलं. आपल्याकडं 'ॲस्ट्रोटर्फ' हे नाव पोचलं हॉकीमुळं, १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकपासून. बारामतीत ऊन उदंड, नाइलाज पाण्याचा. पाऊस जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास. दुष्काळ, क्षार, उष्णता पिकं कशी सोसतात ते तपासणारी राष्ट्रीय संस्था २००९ मध्ये इथल्या माळेगावलाच उभी राहिली, ती उगाच नाही. नीरा डाव्या कालव्याचं पाणी उसाला जातं, अंगणातल्या हिरवळीला कोण देणार?

दुसरं काम इंदापूर तालुक्यात, भिगवणच्या पुढं, उजनीच्या फुगवट्यापासून जवळच्या एका वस्तीवर. इथं भोक नव्हतं. दोन पट्ट्यांमधला जोड घरापासून कुंपणापर्यंत उसवला होता आणि मधे लाटा आल्या होत्या. फटीतून हिरवी टोकं डोकावत होती. प्लॅस्टिकची नव्हेत, खरी.

दादांनी कोपरा उचलला. खाली ना मुरूम, ना कच. काळी माती सपाट करून तिच्यावरच गालिचा पसरलेला. "लॉनला काय झालंय? धड हाय," ते म्हणाले. "जमीन हाललीया." काळ्या मातीतली चिकण पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते, उन्हाळ्यात भेगेत हात जातो. वरचा जोड दर वर्षी ताणला जातो, सैल होतो, शेवटी सुटतो. बसवणारा पैसे घेऊन कधीच गेला होता. 'काही करावं लागत नाही' एवढं एकच वाक्य मालकांच्या लक्षात राहिलं होतं.

सगळं गुंडाळून बाजूला ठेवलं. अर्धा फूट माती काढली. तिच्यात लव्हाळ्याच्या गाठी निघाल्या, काळपट, शेंगदाण्याएवढ्या. खाली कापड अंथरलं तरी लव्हाळा ते भोसकून वर येतो. मल्चिंगच्या कागदाला दाद देत नाही, हे इथं शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. पोरगं बसून गाठी वेचत राहिलं. मग मुरूम, पाणी, धुम्मस. वर कचीचा थर. दोरी लावून उतार घराकडून कुंपणाकडं. हिरव्याला हात लागला तो तिसऱ्या दिवशी, आणि ते काम निम्म्या दिवसात उरकलं.

घरातल्या आजी ओट्यावरून सगळं बघत होत्या. "आमच्याबी अंगणाला मुरूमच घालायचे," त्या म्हणाल्या. "चोपून चोपून चोपण्याचा आवाज गावभर जायचा. वर शेणाचा सडा."

शेवटी कुंपणाच्या कडेची हरळी उपटायला पोरगं वाकलं, तशा आजी उठून उभ्या राहिल्या. "आरं, ती ऱ्हाऊ दे. चतुर्थीला दुर्वा कुठनं आणू?"

दादांनी पोराकडून कटर मागून घेतला आणि गालिच्याची कड वीतभर आत कापली.