कॅरॅव्हॅनमधला टीव्ही : अँटेना की डेटा?

ब्रिटनमध्ये कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागे जोडलेलं चाकांवरचं घर, घेऊन हिंडताना लॅपटॉपवर टीव्ही कसा पाहायचा? आम्हांला हा प्रश्न आधी निव्वळ तांत्रिक वाटला. तसा तो नाही.

वाटा दोन. पहिली प्रसारणाची. लॅपटॉपला यूएसबी ट्यूनर लावायचा. एचडी वाहिन्या हव्या असतील तर डीव्हीबी-टी२ चा. अँटेना बाहेर उभारायचा, कारण कॅरॅव्हॅनचा ॲल्युमिनियमचा पत्रा लहरी अडवतो. मोठ्या मनोऱ्याकडे तो बहुधा आडवा धरावा लागतो, छोट्या उपकेंद्राकडे बहुधा उभा. फ्रीव्ह्यू दिसू लागतं, डेटा शून्य.

दुसरी वाट सिमकार्डाच्या ४जी राउटरची. तिथे एचडी चित्र तासाला सुमारे ३ जीबी खातं. १० जीबी एका-दोन संध्याकाळींत संपले, की नातवंडांशी व्हिडिओवर बोलायचं कशानं?

प्रसारण सगळ्यांना एकदाच दिलं जातं. पाहणारे वाढले म्हणून ते कमी पडत नाही. इंटरनेट प्रत्येकाला वेगळं वाढावं लागतं, म्हणून पंगत मोठी झाली की ताट उशिरा येतं.

तेव्हा बातम्या अँटेनावर पाहाव्यात आणि डेटा माणसांसाठी राखावा, असं आम्ही ठरवलंय.