व्यक्तिस्वातंत्र्यवाद, ब्रिटिश

व्यक्तीचा देह, तिची मालमत्ता व तिने केलेले करार यांच्या संरक्षणापलीकडे राज्यसंस्थेने सक्तीचा वापर करू नये, असे मानणारी ब्रिटनमधील राजकीय विचारप्रणाली. एकोणिसाव्या शतकात ती ‘व्यक्तिवाद’ या नावाने ओळखली जाई. ‘लिबर्टेरिअन’ ही संज्ञा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली. उदारमतवादाशी तिचे नाते निकटचे आहे. तथापि उदारमतवादाने कालांतराने कल्याणकारी राज्याची कल्पना स्वीकारली, ती या विचाराने नाकारली.

ब्रिटनमध्ये या विचाराला एक विशेष वळण मिळाले आहे. त्या देशाला एकत्रित लिखित संविधान नाही. संसद सार्वभौम असून तिने केलेला कायदा न्यायालय रद्दबातल ठरवू शकत नाही. नागरिकाचे स्वातंत्र्य म्हणजे कायद्याने जे निषिद्ध केले, ते वगळून उरलेले क्षेत्र. हे क्षेत्र कायद्याचे अधिराज्य आणि न्यायालयीन परंपरा यांमुळे हक्कांच्या जाहीरनाम्यापेक्षाही अधिक सुरक्षित राहते, असा ए. व्ही. डायसी (१८३५–१९२२) या संविधानपंडिताचा विश्वास होता. परंतु संसदेच्या साध्या बहुमताने ते आकुंचित होऊ शकते, ही त्याची दुसरी बाजू. या विचारप्रणालीचे बहुतेक सर्व वाद याच पेचातून उद्भवले आहेत.

जॉन स्ट्यूअर्ट मिल (१८०६–७३) याने ऑन लिबर्टी (१८५९) या ग्रंथात इतरांना होणारी इजा टाळणे, हेच सक्तीचे एकमेव समर्थन मानले. मात्र ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत पस्तीस वर्षे घालविलेल्या या तत्त्वज्ञाने मागासलेल्या समाजांना हे तत्त्व लागू नाही, असेही त्याच ग्रंथात म्हटले. हिंदुस्थानातील वाचकाला ही मर्यादा जाणवल्यावाचून राहणे शक्य नव्हते. हर्बर्ट स्पेन्सर (१८२०–१९०३) अधिक कडवा होता. द मॅन व्हर्सस द स्टेट (१८८४) या ग्रंथात त्याने सक्तीचे शिक्षण, कारखान्यांवरील नियंत्रणे, सरकारी गृहबांधणी अशा सर्वच उपक्रमांवर हल्ला चढविला आणि पूर्वी राजाच्या सत्तेला मर्यादा घालणाऱ्या उदारमतवाद्यांनी आता संसदेच्या सत्तेला मर्यादा घालावी, असा आग्रह धरला. त्याचा अनुयायी ऑबरन हर्बर्ट (१८३८–१९०६) याने तर करसुद्धा ऐच्छिक असावेत, असे सुचविले. या मतांना टी. एच. ग्रीन (१८३६–८२) याने दिलेले उत्तर अद्यापि विचारात घेण्याजोगे आहे : उपाशी मजुराने मालकाशी केलेला करार नावापुरताच मुक्त असतो, सामर्थ्याची विषमता दूर करणारा कायदा स्वातंत्र्य हिरावून घेत नाही, ते शक्य करतो. स्पेन्सरच्या शिष्यांना या आक्षेपाचे समाधानकारक निरसन करता आले नाही.

महाराष्ट्रात गोपाळ गणेश आगरकर यांच्या बुद्धिवादी लेखनावर मिल व स्पेन्सर या दोघांचाही प्रभाव आहे. आगरकरांनी मात्र व्यक्तिस्वातंत्र्याचे हत्यार शासनापेक्षा रूढी आणि जातिबंधने यांविरुद्ध अधिक चालविले. लंडनमध्ये श्यामजी कृष्णवर्मा यांनी १९०५ पासून काढलेल्या द इंडियन सोशिऑलॉजिस्ट या नियतकालिकावर स्पेन्सरची वचने छापली जात. ब्रिटिश शासनाविरुद्ध ब्रिटिश व्यक्तिवाद उभा करण्याचा तो प्रयत्न होता.

पहिल्या महायुद्धाने या विचाराला सर्वांत मोठा धक्का दिला. १९१४ मध्ये पौंडामागे १ शिलिंग २ पेन्स असलेला प्राप्तिकराचा प्रमाणदर १९१८ मध्ये ६ शिलिंगांवर गेला. १९१६ मध्ये सक्तीची लष्करभरती आली. मद्यगृहांच्या वेळा सरकारने ठरविल्या आणि दुपारची बंदी इंग्लंड-वेल्समध्ये थेट १९८८ पर्यंत टिकली. संकटकाळी घेतलेली सत्ता संकट सरल्यावर परत केली जात नाही, हा व्यक्तिस्वातंत्र्यवाद्यांचा आवडता सिद्धांत अशा उदाहरणांवर उभा आहे.

त्याचे सर्वांत बोलके उदाहरण ओळखपत्रांचे होय. सप्टेंबर १९३९ मध्ये राष्ट्रीय नोंदणी अधिनियमान्वये प्रत्येक नागरिकाला ओळखपत्र देण्यात आले. युद्ध १९४५ मध्ये संपले, ओळखपत्रे राहिली आणि पोलीस किरकोळ प्रसंगीही ती मागू लागले. डिसेंबर १९५० मध्ये उत्तर लंडनमधील फिंच्ली येथे क्लॅरन्स विलकॉक या वाहनचालकाला शिपायाने थांबविले. विलकॉक हा उदारमतवादी पक्षाचा कार्यकर्ता. त्याने ओळखपत्र दाखविण्यास साफ नकार दिला. उच्च न्यायालयात १९५१ मध्ये तो खटला हरला, कारण अधिनियम तांत्रिक दृष्ट्या अजून अंमलात होता. परंतु सरन्यायाधीश लॉर्ड गॉडर्ड यांनी युद्धकालीन कायद्याचा असा सरसकट वापर केल्याने कायदा पाळणारी माणसेच कायदा मोडणारी बनतात, असे ताशेरे ओढले. फेब्रुवारी १९५२ मध्ये चर्चिल यांच्या शासनाने ओळखपत्रे रद्द केली. नोंदणीचे क्रमांक मात्र आरोग्यसेवेच्या दप्तरात पुढे कित्येक वर्षे चालू राहिले.

फ्रीड्रिख हायेक (१८९९–१९९२) या ऑस्ट्रियात जन्मलेल्या व ब्रिटिश नागरिकत्व घेतलेल्या अर्थशास्त्रज्ञाने द रोड टू सर्फडम (१९४४) या ग्रंथात केंद्रीय आर्थिक नियोजनाची परिणती हुकूमशाहीत होते, असे प्रतिपादिले. त्याच ग्रंथात किमान निर्वाहाची हमी देणाऱ्या व्यवस्थेस त्याने मान्यता दिली आहे, ही गोष्ट त्याचे प्रशंसक व टीकाकार दोघेही विसरतात. १९४५ च्या निवडणुकीत मजूर पक्ष विजयी झाला आणि ब्रिटनमध्ये नियोजन आले. हुकूमशाही आली नाही. हायेकच्या प्रेरणेने अँटनी फिशर याने १९५५ मध्ये स्थापन केलेल्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ इकॉनॉमिक अफेअर्स’ या संस्थेने मुक्त बाजारपेठेचा पुरस्कार केला. दुसरीकडे खाजगी जीवनातील स्वातंत्र्य वाढले ते मजूर पक्षाच्या कारकीर्दीत : प्रौढ पुरुषांच्या समलिंगी संबंधांवरील बंदी इंग्लंड-वेल्समध्ये १९६७ साली अंशतः उठली व नाटकांची पूर्वतपासणी १९६८ मध्ये बंद झाली.

मार्गारेट थॅचर यांच्या कारकीर्दीत (१९७९–९०) हा विसंवाद उघड झाला. परकीय चलनावरील नियंत्रणे १९७९ मध्ये गेली, प्राप्तिकराचा कमाल दर ८३ टक्क्यांवरून टप्प्याटप्प्याने ४० टक्क्यांवर आला, सरकारी उद्योग विकले गेले. त्याच शासनाने ग्रेटर लंडन कौन्सिल ही निर्वाचित संस्था १९८६ मध्ये बरखास्त केली आणि १९८८ मध्ये उत्तर आयर्लंडमधील काही संघटनांच्या प्रतिनिधींचा आवाज प्रक्षेपित करण्यास मनाई केली. बाजार मोकळा करावयाचा तर शासन बळकट हवे, असे त्या शासनाच्या कृतीतून दिसे. सातत्याने विचार करणाऱ्या व्यक्तिस्वातंत्र्यवाद्यांना हुजूर पक्षात फारसे स्थान उरले नाही. पक्षाची विद्यार्थी संघटनाही १९८६ मध्ये पक्षनेतृत्वाने मोडीत काढली.

दहशतवादविरोधी कायद्यांमुळे हा वाद पुन्हा पेटला. आरोप न ठेवता संशयितास ९० दिवस स्थानबद्ध करण्याचा प्रस्ताव २००५ मध्ये कॉमन्स सभागृहाने ३२२ विरुद्ध २९१ मतांनी फेटाळला. ४२ दिवसांच्या प्रस्तावाच्या निषेधार्थ हुजूर पक्षाचे डेव्हिड डेव्हिस यांनी २००८ मध्ये संसदसदस्यत्वाचा राजीनामा देऊन पोटनिवडणूक लढविली व जिंकली. २००६ च्या अधिनियमाने परत आणलेली ओळखपत्रे २०१० मध्ये पुन्हा रद्द झाली. २०२० मधील साथीच्या काळात घराबाहेर पडण्यावर घातलेले निर्बंध बव्हंशी मंत्र्यांच्या आदेशांनी लागू झाले. संसदेने पूर्वचर्चा न करता अशी सत्ता सोडून देणे योग्य नव्हे, अशी टीका सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश लॉर्ड सम्प्शन यांनी केली. सप्टेंबर २०२५ मध्ये मजूर पक्षाच्या शासनाने नोकरीच्या पात्रतेसाठी अंकीय ओळखपत्राची योजना जाहीर करताच तीविरुद्धच्या संसदीय अर्जावर वीस लाखांहून अधिक सह्या झाल्या.