ललिताबाईंच्या कडक बायका

ललिता पवार हे नाव घेतलं की समोरचा माणूस डावा डोळा बारीक करून दाखवतो. लग्नाच्या हॉलमध्ये, लोकलच्या लेडीज डब्यात, कुठेही. मग 'खाष्ट सासू' म्हणून हसतो आणि त्याच्यापुरता विषय संपतो. माझा तिथून सुरू होतो.

मी महापालिकेच्या रुग्णालयात नर्स होते, त्यामुळे त्या डोळ्याकडे माझं आधी नर्सच्या नजरेनेच लक्ष जातं. १९४२ साली 'जंग-ए-आझादी'च्या चित्रीकरणात भगवानदादांनी मारलेली थप्पड जोरात बसली आणि ललिताबाईंचा अर्धा चेहरा लुळा पडला, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. त्याचा अर्थ काय होतो, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही. चेहरा हलवणारी नस दोन्ही बाजूंना कानाच्या जरा खालून बाहेर येते. आपण 'कानाखाली वाजवली' म्हणतो ना, त्याच भागातून. तिला इजा झाली की त्या बाजूचं कपाळ, पापणी, गाल, ओठ सगळं ढिलं पडतं. सुरुवातीला डोळा मिटतच नाही. झोपेतसुद्धा उघडा राहतो, म्हणून आम्ही थेंब घालून वर पट्टी लावायचो. पुढे नस कशीबशी सावरते, स्नायू आखडतात आणि काही जणांचा तोच डोळा कायमचा बारीक होतो. ललिताबाईंचा केसपेपर काही मी पाहिलेला नाही. पण असे चेहरे वॉर्डात पाहिलेत. त्या माणसांना रडणं जमतं, रागावणं जमतं. हसणं तेवढं अवघड जातं. हसू एका बाजूला ओढलं जातं. बहुतेक बायका मग तोंडावर पदर धरूनच हसायला लागतात.

ही बाई मात्र कॅमेऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. उपचार तीन वर्षं चालले असं सांगतात. पण 'प्रभात'चा 'रामशास्त्री' १९४४ चा, आणि त्यातली आनंदीबाई ललिताबाईंचीच. म्हणजे एकतर सांगणाऱ्यांनी वर्षं वाढवली, नाहीतर उपचार चालू असतानाच बाई कामाला लागल्या. मला दुसरं जास्त पटतं. 'ध'चा 'मा' करणारी बाई म्हणून मराठी घराघरात जिच्या नावाने बोटं मोडली जातात, तीच भूमिका त्यांनी घेतली.

थप्पड बसली तेव्हा त्या काही नवख्या नव्हत्या, हेही विसरलं जातं. १९१६ साली येवल्यात अंबा या नावाने जन्मलेली ही मुलगी १९२८ च्या 'राजा हरिश्चंद्र' या मूकपटापासून कामं करत होती. १९३२ च्या 'कैलास'च्या त्या सहनिर्मात्याही होत्या. १९३८ साली टॉलस्टॉयच्या कादंबरीवरून 'दुनिया क्या है' काढला, तोही स्वतः. १९४१ च्या मास्टर विनायकांच्या 'अमृत'मध्ये त्या होत्या, खांडेकरांच्या कथेतल्या. विशी-पंचविशीतली निर्माती-नायिका होती ती, आणि सरळ हसू गेल्यावर नायिकेची कामं बंद झाली. इथपर्यंतची गोष्ट करुण म्हणता येईल. पण माझ्या आवडीच्या ललिताबाई त्यानंतरच्या.

माझे वडील स्वदेशी मिलमध्ये होते आणि आमचं बिऱ्हाड कुर्ला पश्चिमेला, होली क्रॉस चर्चच्या अलीकडच्या चाळीत. आईचा शौक एकच, कल्पना टॉकीजची मॅटिनी. मॅटिनीला जुने सिनेमे लागायचे, तिकीट कमी असायचं आणि वडील फर्स्ट शिफ्टला असायचे. आईला नायक-नायिकेत रस नव्हता. पाट्या सुरू झाल्या की ती ललिता पवारचं नाव शोधायची आणि सापडलं की पाय वर घेऊन मांडी ठोकून बसायची. घरी तिची स्वतःची सासू होती, माझी आजी. सासूबद्दल एक अक्षर बोलायची सोय नव्हती. ललिता पवारबद्दल मात्र चाळीत दोन-दोन दिवस बोलता यायचं.

तेव्हा नुसतंच बघितलं. पुढे वॉर्डात पेशंटच्या उशाशी बसलेल्या सासवा, आत्या, मावश्या बघत आयुष्य गेलं, तेव्हा कळलं की ललिताबाईंची एक कडक बाई दुसरीसारखी नसते. प्रत्येकीच्या कडकपणाला आपलं कारण असतं आणि ते कारण कोणी संवादात सांगितलेलं नसतं. त्यांच्या चालण्यातून, हातातून, थांबण्यातून ते ओळखायचं.

१९५५ चं घ्या. त्या एका वर्षात त्यांचे 'श्री ४२०' आणि 'मिस्टर अँड मिसेस ५५' आले. पहिल्यात त्या फुटपाथवर केळी विकणाऱ्या गंगामाई. गावाहून आलेल्या राज कपूरशी भावावरून हुज्जत घालतात आणि हुज्जत घालता-घालताच त्याला पोरगा मानून टाकतात. आवाज चढा, कारण रस्त्यावर हळू बोलणाऱ्या बाईची टोपली कोणीही उलटवतो. हे आमच्या स्टेशनबाहेर भाजी घेऊन बसणाऱ्या बायकांना विचारा. दुसऱ्यात त्याच बाई श्रीमंत सीतादेवी, पुरुषजातीच्या हाडवैरी. भाचीला वारसा मिळावा म्हणून तिचं एका बेकार व्यंगचित्रकाराशी नावापुरतं लग्न लावणाऱ्या. इथे आवाज चढवायची गरजच नाही. हुकूम करायची सवय असलेली माणसं हळूच बोलतात. गुरुदत्तने त्या पात्राची टिंगलच केली आहे, आणि मला ती पटत नाही. घटस्फोटाच्या हक्काबद्दल ती बाई जे बोलते त्यात चुकीचं फारसं काही नाही. ललिताबाईंनी तिला विदूषक होऊ दिलं नाही, म्हणून तो सिनेमा आज बघवतो.

१९५९ मध्ये तर कमालच. 'सुजाता' आणि 'अनाडी', दोन्हींत नायिका नूतन, दोन्हींत ललिताबाई. बिमल रॉयच्या 'सुजाता'मध्ये त्या आत्याबाई. अस्पृश्य घरातली पोर सांभाळणाऱ्या कुटुंबात येऊन नाक मुरडणाऱ्या, शास्त्र सांगणाऱ्या. ही बाई दुष्ट नाही, हेच भयंकर आहे. ती प्रेमळ आहे, फक्त तिचं प्रेम जात विचारून पुढे येतं. लहान मूल समोर आलं की ती अंग चोरते, ते बघा. हात आधीच मागे गेलेला असतो, विचार नंतर येतो. असा मागे जाणारा हात मी वॉर्डात पाण्याचा ग्लास देताना पाहिलेला आहे. तो अभिनयातून उतरवायला माणसांकडे फार बारीक पाहिलेलं असावं लागतं.

आणि हृषिकेश मुखर्जींच्या 'अनाडी'त मिसेस डिसा. बेकार भाडेकरूवर दिवसभर करवादणारी, त्याच्यासाठी जीव टाकणारी घरमालकीण. या भूमिकेला फिल्मफेअर मिळालं. माझं या भूमिकेशी जरा वेगळं नातं आहे, कारण आमच्या मागच्या ख्रिश्चन गावात अशा आंट्या खऱ्या होत्या. एकीकडे मी शिवण शिकायला जायचे. टाका चुकला की ती बोटावर पट्टी मारायची आणि जाताना त्याच हातावर गोड काहीतरी ठेवायची. मात्र हिंदी सिनेमाने या लोकांच्या तोंडी जी मोडकी, 'मॅन-मॅन'ची हिंदी घातली, त्याचा मला कायम वैताग आला. कुर्ल्याचे ईस्ट इंडियन हे मूळचे इथलेच. त्यांची घरची बोली मराठी, आणि त्यांच्या लग्नातली गाणीही मराठी. त्या आंटीची मराठी माझ्यापेक्षा जुनी आणि ठसकेबाज होती. ललिताबाईंच्या तोंडीही तीच फिल्मी हिंदी आहे. लेखकाने दिली, त्या बोलल्या. पण डिसाबाई बोलायची थांबते आणि नुसती बघते, तिथे मला आमच्या गल्लीतली आंटी दिसते. आधी रागाने बघायचं, मग तो राग टिकत नाही म्हणून स्वतःवरच चिडायचं, मग तोंड फिरवायचं. अशा वेळी तो बारीक डोळा त्यांच्या मदतीला येतो. एक डोळा रागावलेला आणि एक निवलेला, असा चेहरा दोन धड डोळ्यांच्या नटीला जमला नसता.

पुढे मिसेस डिसा फ्लूने आजारी पडते आणि औषधच तिचा जीव घेतं. औषध बनवणारी कंपनी नायिकेच्या श्रीमंत काकाची. भेसळीच्या औषधाची ही गोष्ट मी नोकरीला लागल्यानंतर पुन्हा पाहिली तेव्हा झोप लागली नव्हती.

हृषिदांना ही बाई सोडवेना. १९६१ च्या 'मेमदीदी'त त्यांनी ललिताबाईंना चक्क मुख्य भूमिका दिली, आणि १९७१ च्या 'आनंद'मध्ये पुन्हा डिसा हेच आडनाव देऊन मेट्रन केलं. मेट्रनबद्दल बोलायचा मला अधिकार आहे. हिंदी सिनेमातल्या नर्सा एकतर ट्रे घेऊन धावतात किंवा 'डॉक्टर, पेशंटला शुद्ध आली' म्हणतात. रमेश देवच्या नर्सिंग होममधली ही मेट्रन मात्र खरी आहे. चालताना तिचं लक्ष पेशंटच्या तोंडाकडे नंतर जातं, आधी खाटेकडे. चादर, औषधांचा स्टँड, मग माणूस. आणि नियम मोडणाऱ्या पेशंटवर सगळ्यात जास्त चिडते, त्याच्यातच जीव अडकवून घेते. प्रत्येक वॉर्डात असा एक पेशंट येतो. आमच्या मेट्रनबाई डोळ्यांतून पाणी आलं की लिननच्या खोलीत जाऊन चादरी मोजायच्या.

विनोदाबद्दल तर कोणी बोलतच नाही. १९६१ च्या 'जंगली'त त्या शम्मी कपूरच्या आई, जिच्या घरात हसायला बंदी. नंतर वर्षभरात 'प्रोफेसर' आला. त्यात पुतण्या-भाच्यांवर पहारा ठेवणारी करडी पालक, आणि तिचं नावही पुन्हा सीतादेवीच! शम्मी कपूर म्हाताऱ्याच्या वेषात शिकवायला येतो आणि ही बाई त्या खोट्या म्हाताऱ्याच्या प्रेमात पडते. दुसरी कोणी असती तर थट्टा झाली असती. ललिताबाई आधी हळूहळू आरशासमोर रेंगाळायला लागतात, आवाज अर्धा स्वर खाली येतो, लाजतात. थिएटर हसतं. माझी आई हसली नव्हती. सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या पोरी सांभाळण्यात गेलेल्या बाईला कोणीतरी दोन शब्द नीट बोललं, तर ती लाजणारच, एवढंच ती म्हणाली. माझ्या मते ललिताबाईंचं सगळ्यात अवघड काम हे. हसवायचं आणि त्या हसण्याची आपल्याला थोडी शरम वाटायला लावायची.

मंथरा त्यांनी दोनदा केली: १९६१ च्या 'संपूर्ण रामायण'मध्ये आणि १९८७ पासून रामानंद सागरांच्या मालिकेत, सत्तरी ओलांडल्यावर. कुर्ल्याच्या नेहरूनगरात तेव्हा रविवारी सकाळी ज्याच्या घरी टीव्ही, त्याच्याकडे चपलांचा ढीग असायचा. मंथरा आली की म्हाताऱ्या बायका शिव्या घालायच्या. मला ती मंथरा कारस्थानी वाटलीच नाही. कैकेयीला अंगाखांद्यावर वाढवलेल्या दासीला तिच्या पोराचं काय होईल याची खरीच काळजी आहे, म्हणून तर कैकेयी ऐकते. कान भरणारी माणसं नेहमी आपल्या माणसाच्या भल्यासाठीच भरतात.

माझी नात इंग्रजी शाळेतली. तिची मॅगी स्मिथ. 'हॅरी पॉटर'मधली कडक प्रोफेसर मॅकगोनॅगल आणि 'डाउन्टन ॲबी'तली जहरी जिभेची म्हातारी सरदारीण. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये मॅगी स्मिथ गेल्या तेव्हा नातीने मला मोबाइलवर एकामागून एक लेख दाखवले. कोणी त्यांच्या दोन ऑस्करबद्दल लिहिलं होतं, कोणी नाटकांबद्दल, कोणी नुसतं त्यांच्या भुवई उचलण्याबद्दल. भुवईवर अख्खा लेख! बाई मोठ्याच होत्या, वाद नाही. पण सातशेच्या घरात सिनेमे केल्याचं जिच्याबद्दल सांगतात ती आपली बाई २४ फेब्रुवारी १९९८ ला पुण्यात औंधला गेली आणि तिच्यासाठी आपल्याकडे 'खाष्ट सासू' हे दोनच शब्द उरले. १९६१ चा संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार कोणाला आठवतो? नातीला मी 'प्रोफेसर' दाखवला. अर्ध्या तासाने ती म्हणाली, "आजी, ही तर मॅकगोनॅगल आहे." मी म्हटलं, उलट बोल. ही आधीची.

कोणाला बघायचंच असेल तर माझं ऐका, 'सुजाता' आणि 'अनाडी' लागोपाठ बघा, मध्ये जेवून घ्या. सासूपासूनच सुरुवात करायची असेल तर शांतारामबापूंचा १९५० चा 'दहेज' आहे. हुंड्यासाठी सुनेचा छळ करणारी ही सासू म्हणजे त्यांच्या पुढच्या सगळ्या सासवांची आई. हिच्यात हाव आहे आणि हावेखाली भीती आहे, की मुलगा हातचा जाईल. तो मी सुनेबरोबर बसून पाहिला. शेवटपर्यंत आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघायचं टाळलं, आणि त्या संध्याकाळी कुकर कोणी लावायचा यावरून बराच वेळ 'तू राहू दे', 'आई, तुम्ही बसा' चाललं.