राजाची खासगी गोष्ट, प्रजेचा प्रश्न

१२ जानेवारी १९२५. मुंबईत मलबार हिलवर संध्याकाळची हवा खायला निघालेल्या एका मोटारीला लाल मॅक्सवेल गाडीने धडक दिली. लाल गाडीतून उतरलेले लोक मोटारीतल्या तरुण बाईला बाहेर खेचू लागले. तिच्याबरोबर असलेले धनाढ्य व्यापारी अब्दुल कादर बावला मध्ये पडले, तर त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. बाईच्या चेहऱ्यावर सुऱ्याचे वार झाले. गोल्फ खेळून परतणारे काही इंग्रज लष्करी अधिकारी नेमके त्याच वेळी तिथे पोहोचले आणि गोल्फची काठी घेऊनच हल्लेखोरांवर धावून गेले, म्हणून ती वाचली. बावला वाचले नाहीत.

त्या बाईचं नाव मुमताज बेगम. हल्लेखोरांचा माग लागला तो थेट आमच्या इंदूरपर्यंत.

मी लोकमान्य नगरात राहते. नोकरीभर शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं, निवडणुकीच्या ड्यूट्या केल्या. इंदूरच्या जुन्या मराठी घरांत बावला प्रकरण कुणाला सांगावं लागत नाही. आमची आजी ते सांगायची तेव्हा तिचा आवाज आपोआप खाली यायचा आणि शेवट ठरलेला असायचा: “एका नाचणारणीपायी राजाची गादी गेली हो!” ऐकणारेही हळहळायचे ते महाराजांसाठी. मुमताजचं पुढे काय झालं, हे आमच्या घरात कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

पुढाऱ्याचं खासगी वागणं मतदाराने मोजावं की नाही, हा प्रश्न निघाला की मला आजीचं ते वाक्य आठवतं, आणि ते किती चुकीचं होतं हेही कळतं.

मुमताज कोवळ्या वयात इंदूर दरबारात आली आणि सुमारे दहा वर्षं महाराज तुकोजीराव होळकर (तिसरे) यांच्या आश्रयाला होती. तिला तिथे राहायचं नव्हतं. मसुरीला नेत असताना ती दिल्लीत उतरली आणि पुढे जायला तिने नकार दिला. नंतर मुंबईत तिला बावलांचा आधार मिळाला. आपल्याला झालेली मुलगी जन्मतःच मारली गेली, असंही तिने आपल्या जबाबात सांगितलं. त्याच वर्षी मुंबई हायकोर्टात जस्टिस क्रंप यांच्यापुढे खटला चालला. आरोपींच्या पिंजऱ्यात इंदूर दरबारचे नोकर होते आणि त्यांत होळकर सैन्याचे ॲडज्युटंट जनरल आनंदराव फणसे होते. फणशांचं वकीलपत्र बॅरिस्टर महंमद अली जिना यांनी घेतलं होतं. तिघांना फाशीची शिक्षा सुनावली गेली, फणशांना जन्मठेप. या माणसांच्या मागे आणखी कुणी असावं आणि त्याचा शोध घ्यायचा तर नजर इंदूरकडे वळणं साहजिक आहे, अशा अर्थाचं न्यायमूर्ती बोलले. नेमकं कोण, ते मात्र कोर्टापुढे सिद्ध झालं नाही.

महाराजांवर कधी खटला चालला नाही. त्यामुळे हुकूम त्यांनीच दिला, असं मी लिहिणार नाही. पण खासगी गोष्ट कुठे संपली ते स्वच्छ दिसतं. एका पुरुषाचे एका बाईशी संबंध होते, ती त्याला सोडून गेली, इथवर गोष्ट त्या दोघांची. तिला परत आणायला संस्थानचा पगार खाणारी माणसं निघाली, त्या क्षणी ती सगळ्या प्रजेची झाली. ज्या सैन्याने रयतेचं रक्षण करायचं, त्याचा वरिष्ठ अधिकारी एका बाईच्या अपहरणाच्या कटात दोषी ठरला. याला खासगी म्हणायचं तर सार्वजनिक कशाला म्हणायचं?

इंग्रज सरकारने महाराजांपुढे दोन पर्याय ठेवले: चौकशी आयोगाला सामोरं जा, नाही तर गादी सोडा. फेब्रुवारी १९२६ मध्ये तुकोजीरावांनी मुलाच्या, यशवंतरावांच्या, नावे गादी सोडली. यशवंतराव तेव्हा अठराचेही नव्हते. चौकशी टळली ती कायमची. इंदूरच्या माणसांना काय वाटतं, हे कुणी विचारलं नाही, कारण विचारायची रीतच नव्हती. गादी गेली, पण सत्य बाहेर आलं नाही. आजही एखाद्या मंत्र्याने राजीनामा दिला की आपण प्रकरण मिटलं असं धरून चालतो. राजीनाम्याने खुर्ची रिकामी होते. खरं काय घडलं याचं उत्तर तरीही कुणीतरी द्यायचं उरतं.

तुकोजीरावांची दुसरी बाजूही सांगायला हवी. शहराची आखणी करायला त्यांच्या दरबाराने पॅट्रिक गेडिस यांना बोलावलं. गेडिस यांचा १९१८ चा अहवाल नगररचनेचे अभ्यासक अजून वाचतात. तुकोगंज, महाराजा तुकोजीराव हॉस्पिटल, एमटी क्लॉथ मार्केट ही नावं आमच्या रोजच्या बोलण्यात आहेत. आमच्या गल्लीत निवडणुकीच्या दिवसांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: “अपने को तो काम से मतलब, भिया.” रस्ता झाला, नळाला पाणी आलं, मग माणूस घरात कसा वागतो याच्याशी आपल्याला काय करायचंय? या बोलण्यात तथ्य आहे. पुढारी निवडताना आपण जावई निवडत नसतो. पण मुमताजच्या चेहऱ्यावरच्या वारांची भरपाई चांगल्या नगररचनेने होत नाही. दोन्ही हिशोब वेगवेगळे मांडावे लागतात आणि मतदाराला दोन्ही वाचता आले पाहिजेत.

याच तुकोजीरावांनी १९२८ मध्ये नॅन्सी मिलर या अमेरिकन तरुणीशी लग्न केलं. नाशिकला शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांच्या हस्ते तिची शुद्धी झाली, ती शर्मिष्ठादेवी झाली आणि बडवाहला लग्न लागलं. वर्तमानपत्रांनी हा विषय देशोदेशी नेला. धर्म, जात, गोरी बायको, राजाच्या आधीच्या राण्या, कशाकशावर चर्चा झाली! त्या राण्यांच्या मनाचं काय, हा प्रश्न खराच होता, पण तो त्या घरातल्या माणसांचा होता. तेव्हाच्या कायद्याने लग्न वैध होतं, वधू राजीखुशीने आली होती. गादी आधीच सुटल्यामुळे त्या लग्नावर माजी राजाची फौज राबवण्याचा प्रश्नच नव्हता. माणूस एकच. पहिल्या प्रकरणाचा जाब मागण्याचा प्रजेला पूर्ण हक्क होता, दुसऱ्याचा नव्हता. आमच्या घरांत मात्र दोन्ही गोष्टी एकाच दबक्या आवाजात, एकाच मसाल्यासकट सांगितल्या गेल्या.

म्हणून माझं म्हणणं असं: विचार पुढाऱ्याच्या चारित्र्यापासून सुरू करू नये, ज्याच्यावर बेतलं त्या माणसापासून सुरू करावा. कुणाला इजा झाली का? त्या व्यक्तीला ‘नाही’ म्हणायची सोयच नव्हती का? ‘नाही’ म्हटल्यावर तिच्यावर पद, पैसा, पोलीस यांचा दाब आला का? ते लपवायला पुढारी शपथेवर खोटं बोलला का? यांतल्या एकाही प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल तर गोष्ट आपली आहे. सगळी उत्तरं ‘नाही’ असतील तर घटस्फोट, दुसरं लग्न, जुनं प्रेम या गोष्टी त्या घरावर सोडाव्यात.

आपला कायदाही बराचसा याच रेषेवर उभा आहे. २००२ आणि २००३ मधल्या सुप्रीम कोर्टाच्या निकालांनंतर प्रत्येक उमेदवाराला फॉर्म २६ मध्ये शपथपत्र द्यावं लागतं. हे कागद कुणीही पाहू शकतं. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर असतात, निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातही लावलेले असतात. एकदा निवांत वाचून बघा. स्टॅम्प पेपर, प्रत्येक पानावर उमेदवाराची सही. प्रलंबित गुन्हे, झालेली शिक्षा. मग रकाने: स्वतः, पती किंवा पत्नी, अविभक्त कुटुंब, अवलंबित एक, दोन, तीन. दागिने किती, गाड्या कोणत्या, जमीन कुठे, कर्ज कुणाचं. २०१३ पासून रकाना कोरा ठेवता येत नाही, काही नसेल तर ‘निरंक’ लिहावं लागतं. या कागदात प्रेमाचा रकाना नाही, आणि नाही तेच बरं. पण अवलंबितांचा रकाना आहे आणि गुन्ह्यांचाही आहे.

९ एप्रिल २०२४ रोजी सुप्रीम कोर्टाने अरुणाचलच्या कारिखो क्री यांच्या प्रकरणात या कागदाची मर्यादाही सांगितली. मतदाराचा जाणून घेण्याचा हक्क अमर्याद नाही. ज्याचा उमेदवारीशी संबंध नाही, अशा बाबतीत उमेदवारालाही खासगीपणा आहे. आचारसंहितासुद्धा सांगते की सार्वजनिक कामाशी संबंध नसलेल्या खासगी आयुष्यावर टीका करू नये. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(४) प्रमाणे उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याबद्दल जाणूनबुजून खोटं छापणं हा निवडणुकीतला भ्रष्ट आचार आहे, त्यापायी निवडून आलेल्याची निवड रद्द होऊ शकते. आणि २०१८ पासून व्यभिचार हा या देशात गुन्हा राहिलेला नाही. म्हणजे पुढाऱ्याच्या घरात डोकावायला कायदा आपल्याला पाठवत नाही. शपथेवरचं खोटं, गुन्हा आणि पदाचा गैरवापर यांकडे मात्र बोट दाखवतो.

तरी आपण बघतो भलतीकडेच. जानेवारी २०२१ मध्ये महाराष्ट्राचे तेव्हाचे मंत्री धनंजय मुंडे यांच्यावर एका महिलेने बलात्काराचा आरोप केला. त्यांनी आरोप फेटाळला आणि तिच्या बहिणीशी आपले परस्परसंमतीने संबंध होते, त्यातून दोन मुलं आहेत, त्यांना आपलं नाव दिलं आहे, असं स्वतःच जाहीर केलं. काही दिवसांत आरोप मागे घेतला गेला. माझ्या मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांचे फोन यायचे, चर्चा सगळी दोन संसारांची. मुलांना नाव दिलं ही माझ्या मते चांगलीच गोष्ट. विचारायचं होतं ते आरोपाची नीट तपासणी झाली का आणि शपथपत्रात काय लिहिलं होतं, एवढंच. या प्रश्नांसाठी कुणाला वेळ नव्हता. २०२४ मध्ये परळीने त्यांना मोठ्या मताधिक्याने निवडून दिलं.

आमच्या इंदुरात सप्टेंबर २०१९ मध्ये पलासिया पोलीस ठाण्यात महापालिकेच्या एका अभियंत्याने तक्रार दिली की, व्हिडिओ दाखवून आपल्याकडे कोटींची खंडणी मागितली जात आहे. ‘हनी ट्रॅप’ म्हणून ते देशभर गाजलं. तपास पथकाचे प्रमुख काही दिवसांत पुन्हा पुन्हा बदलले. छप्पन दुकानापासून सराफ्यापर्यंत एकच कुतूहल: व्हिडिओत कोण कोण आहे? आरोपांचं कोर्ट बघेल. पण भीतीपोटी किंवा मोहापोटी कुणाला सरकारी कामं, बदल्या, ठेके दिले गेले का, हे विचारणारा आवाज मला फार थोडा ऐकू आला. ते पैसे तर आपलेच असतात.

या कुतूहलाची किंमतही कुणीतरी मोजतं. एप्रिल २०२४ मध्ये कर्नाटकातल्या हासन मतदारसंघात मतदानाच्या तोंडावर खासदार प्रज्वल रेवण्णाच्या अत्याचारांचे व्हिडिओ पेन ड्राइव्हमधून गावोगाव फिरवले गेले. ज्या बायकांवर अन्याय झाला होता, त्यांचेच चेहरे शेजारीपाजारी पाहत होते. रेवण्णा हरला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये घरकाम करणाऱ्या एका महिलेवरच्या बलात्काराबद्दल त्याला जन्मठेप झाली. ती बाई कोर्टात उभी राहिली म्हणून न्याय झाला. व्हिडिओ पुढे पाठवणाऱ्यांनी त्यात काहीही केलं नव्हतं. असा व्हिडिओ आपल्या फोनवर आला तर तो पुढे पाठवू नये, हे मतदाराचं पहिलं कर्तव्य मी मानते.

बाहेरच्या देशांतही रेषा इथेच येऊन पडते. फ्रान्सचे अध्यक्ष मितराँ यांना विवाहबाह्य संबंधातून मुलगी होती. ते कळल्यावर बऱ्याच फ्रेंच लोकांनी खांदे उडवले. पण ते गुपित राखायला त्या मायलेकींना सरकारी जागेत ठेवलं होतं आणि अध्यक्षांच्या कार्यालयातून लोकांचे फोन चोरून ऐकले जात होते, हे उघड झालं तेव्हा विषय बदलला. २००५ मध्ये त्यांच्या काही माजी सहकाऱ्यांना त्याबद्दल कोर्टाने दोषी ठरवलं.

मला नेहमी विचारतात, “मॅडम, सगळेच सारखे, मग आम्ही करायचं काय?” १९२६ च्या इंदूरकराच्या हातात काही नव्हतं, आपल्या हातात आहे. २०२४ च्या लोकसभेला इथे काँग्रेसच्या उमेदवाराने ऐन वेळी अर्ज मागे घेतला, तेव्हा २,१८,६७४ मतं ‘नोटा’ला पडली. त्याने निकाल बदलला नाही, नोटाला तेवढी ताकद कायद्याने दिलेलीच नाही. पण एवढी माणसं उन्हात केंद्रावर जाऊन नाराजी नोंदवतात, याची दखल देशाने घेतली. हीच माणसं मतदानाआधी प्रश्न विचारू शकतात.

उमेदवार दारात येतो तेव्हा त्याच्या बायकोविषयी विचारू नका. हे विचारा: तुमच्यावर अमुक गुन्हा दाखल आहे, त्याचं काय झालं? तक्रार करणारी बाई आज सुरक्षित आहे का? तिला पोलीस संरक्षण मिळालं की पोलिसांचीच भीती वाटते? तुमच्या पक्षाने चौकशी केली असेल तर अहवाल कुठे आहे? आरोप खोटा असेल तर या प्रश्नांनी निर्दोष माणसाचं काही बिघडत नाही, उलट त्याला बोलायला जागा मिळते. आणि खरा असेल तर ज्या बाईचं ऐकायला आजवर कुणी नव्हतं, तिच्या बाजूने निदान एक मतदार तरी उभा राहतो. राजाची गादी गेली म्हणून हळहळणारे आमच्याकडे पुष्कळ होते. पुढच्या निवडणुकीत मुमताजच्या बाजूने विचारणारे तेवढेच निघायला हवेत.