बाळंतिणीचे मन

काशीक्षेत्री पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट यांच्या आसपासच्या गल्ल्यांत मराठी घराणी पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. दूधविनायक हा त्याच वस्तीतला मोहल्ला. नावातच दूध असलेल्या या मोहल्ल्यात काय किंवा सातारा-नागपुरात काय, बाळंतिणीच्या खोलीत प्रथम विचारणा होते ती दुधाचीच. दूध येते ना? बाळाला पुरते ना? त्यासाठी अळिवाची खीर होते, डिंकाचे लाडू वळले जातात, शेकशेगडीची सिद्धता होते. या साऱ्या आस्थेत एक प्रश्न मात्र बहुधा राहून जातो: बाळंतिणीचे मन कसे आहे?

प्रसूतीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी अनेक स्त्रियांना उगाच रडू येते, जीव हुरहुरतो. शरीरातील अंतःस्रावांत होणारा मोठा पालट आणि जागरणाचा शीण ही त्याची कारणे होत. ही अवस्था दोन आठवड्यांत आपोआप निवळते. धीराचे दोन शब्द आणि पुरेशी झोप, एवढाच तिच्यावर उपाय.

परंतु खिन्नता दोन आठवड्यांपलीकडे टिकली, कशातच गोडी वाटेनाशी झाली, बाळ निजले असतानाही आईचा डोळा लागेना, 'मी आई होण्यास नालायक आहे' असे तिला वाटू लागले, तर तो निव्वळ थकवा नव्हे. तो आजार होय. भारतातील अनेक पाहण्यांचा एकत्र विचार करून २०१७ साली काढलेल्या निष्कर्षानुसार, दर १०० मातांपैकी सुमारे २२ मातांना हा आजार जडतो. याहून विरळा, परंतु भयंकर असा तिसरा प्रकार म्हणजे सूतिकोन्माद. हजारात एक-दोघींना, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच, भ्रम होतात, भलतेसलते आवाज ऐकू येतात. अशा वेळी बाधा झाली म्हणून अंगारेधुपारे करीत बसणे म्हणजे मायलेकरांचा जीव धोक्यात घालणे होय. तिला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावयास हवे.

हा आजार कोणाला गाठतो? गोव्यातील एका जिल्हा रुग्णालयात आलेल्या गर्भवतींचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांतील २३ टक्के स्त्रिया खिन्नतेने ग्रासलेल्या आढळल्या. दारिद्र्य आणि पतीशी बेबनाव ही प्रमुख कारणे दिसली. मुलगी जन्माला आली असता त्यांची धार अधिकच तीव्र होई. म्हणजे पाळण्यातील लेकीकडे पाहून घरातील वडीलधाऱ्यांनी टाकलेला सुस्कारा हवेत विरून जात नाही. तो बाळंतिणीच्या मनात रुततो. आणखी असे की, ज्या आजारी पडल्या त्यांतील बहुसंख्य स्त्रियांची मने गरोदरपणातच अस्वस्थ होती. तेव्हा विचारपूस बाळंतपणानंतर नव्हे, त्यापूर्वीच सुरू व्हावयास हवी.

परप्रांतातील मराठी घरांत याला आणखी एक पदर आहे. पुण्याहून किंवा ग्वाल्हेरहून काशीत सून होऊन आलेल्या मुलीचे माहेर शेकडो कोस दूर. पहिले बाळंतपण माहेरी करण्याच्या रूढीत मोठे शहाणपण होते: तेथे रडावयास परवानगी लागत नसे. ते माहेर ज्यांना लाभत नाही, त्यांच्यासाठी ते सासरीच निर्माण केले पाहिजे. रात्रीचे एखादे जागरण सासूने किंवा पतीने आपल्याकडे घेतले, तरी बाळंतिणीस सलग चार तास झोप मिळते. त्या झोपेचे मोल कोणत्याही काढ्याहून कमी नाही. पतीचीही विचारपूस व्हावी, कारण नव्या पित्यांपैकीही सुमारे दहा टक्के या काळात खिन्नतेच्या आहारी जातात.

आजार ओळखणे अवघड नाही. एडिंबरो येथे तयार होऊन १९८७ साली प्रसिद्ध झालेली दहा प्रश्नांची यादी त्यासाठी जगभर वापरली जाते. त्यातील शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे; त्याचे उत्तर होकारार्थी आले, तर क्षणाचाही विलंब नको. उपचारही आहेत. मोकळ्या संभाषणाने पुष्कळजणी बऱ्या होतात. गोव्यात शिक्षण देऊन तयार केलेल्या साध्या गृहिणी गर्भवतींच्या घरी जात. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात आजारातून बाहेर पडलेल्यांचे प्रमाण इतरांहून अधिक आढळले. औषधे लागलीच, तर अंगावर पाजीत असतानाही घेता येतील अशी काही आहेत; निवड मात्र डॉक्टरांनी करावयाची.

उपचारासाठी बाळापासून ताटातूट होईल, ही भीतीही आता बाळगण्याचे कारण नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने तीन वर्षांखालील मुलास सामान्यतः आईपासून वेगळे करू नये असे ठरविले आहे. बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत मायलेकरांसाठी स्वतंत्र कक्ष आहे. काशीत हिंदू विश्वविद्यालयाच्या रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. आणि देशात कोठूनही १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

हे सर्व मात्र त्यानंतरचे. आरंभ घरातूनच व्हावयाचा आहे. खिरीची वाटी पुढे करताना दुधाची चौकशी अवश्य करावी, पण वाटी खाली ठेवून, जवळ बसून, "बाई, तुला कसे वाटते?" असेही विचारावे, आणि ती जे सांगेल ते मध्येच न तोडता ऐकून घ्यावे.