ताण आणि जठरव्रण : उंदरांनी दिलेली साक्ष

आम्हा इंदूरकरांचे पोट बिघडले की दोष प्रथम शेवेला मिळतो. मनावरील ताणाचा क्रम त्यानंतर. या ताणाला प्रयोगशाळेची साक्ष मिळाली १९३६ साली. माँट्रियलच्या हान्स सेल्ये यांनी ‘नेचर’मधील छोट्या टिपणात दाखविले की थंडी, शस्त्रक्रिया, अतिश्रम वा औषधाची विषारी मात्रा, त्रास कोणताही असो, उंदराच्या अधिवृक्क ग्रंथी वाढतात, थायमस ग्रंथी आक्रसते आणि जठरात व्रण उमटतात.

मला मात्र त्याहून मोलाचा वाटतो तो पुढील वाद. १९५८ साली अमेरिकेत जोसेफ ब्रेडी यांनी माकडांच्या जोड्या घेतल्या. विजेचे झटके दोघांना सारखेच. ते टाळण्याची कळ एकाच्याच हाती. व्रण झाले ते कळ सांभाळणाऱ्याला. जबाबदारीच्या पदावरील माणसाला अल्सर व्हायचाच, ही समजूत (आपल्या व्यवसायात ती काहीशा अभिमानाने सांगितली जाते!) तेथून बळावली. परंतु कळ दाबण्यास जी माकडे चटकन शिकली, त्यांनाच ब्रेडींनी ते काम दिले होते. निवडच सदोष होती.

१९७० च्या सुमारास जे वाइस यांनी उंदरांची वाटणी यदृच्छेने केली. एकाला चाक फिरवून झटका थांबविता येई; दुसऱ्याला झटके तेवढेच, पण उपाय काही नाही; तिसऱ्याला झटकाच नाही. सर्वाधिक व्रण झाले ते निरुपाय दुसऱ्याला. आणखी एका प्रयोगात झटक्यापूर्वी इशाऱ्याचा आवाज मिळणाऱ्या उंदरांना व्रण पुष्कळच कमी झाले. वीज तीच होती.

ताणात स्रवणारे सीआरएच हे संप्रेरक आतड्यातील मास्ट पेशींना चेतविते आणि अस्तराच्या पेशींमधील सांधे सैल होतात, हेही पुढे उंदरांतच दिसले. २०१४ मध्ये बेल्जियममधील ल्यूवेन येथे, भाषण करावे लागलेल्या निरोगी माणसांतही आतड्याची पारगम्यता वाढलेली आढळली.

तरीही उंदराचा व्रण म्हणजे आपल्या रुग्णाचा अल्सर नव्हे. वॉरेन आणि मार्शल यांच्या १९८२ मधील हेलिकोबॅक्टरच्या शोधानंतर (नोबेल, २००५) तपासणीवाचून सारे खापर ताणावर फोडणे अक्षम्य आहे. वेदनाशामक गोळ्यांची चौकशीही हवीच.

वाइस वाचल्यापासून मी एंडोस्कोपीपूर्वी रुग्णाला नळी कोठून जाईल, सुमारे किती मिनिटे लागतील आणि थांबावेसे वाटल्यास हाताने कोणती खूण करावयाची, हे सांगतो. खूण झाली की मी थांबतो.