नोकरीच्या अर्जात 'परिस्थिती' नको, केलेलं काम लिहा

निकाल लागले, आयटीआयची परीक्षा झाली की गावागावातली पोरं-पोरी फाइल घेऊन बाहेर पडतात. कुणी एमआयडीसीत जातं, कुणी दूध संघात, कुणी पतसंस्थेत, कुणी तालुक्याच्या ट्रॅक्टर शोरूममध्ये. फाइलमध्ये मार्कशीट, दाखला, बायोडाटा असतो आणि सगळ्यात वर एक पानाचा अर्ज. हा अर्ज बहुतेक जण झेरॉक्सच्या दुकानात करून घेतात. दुकानदाराच्या कॉम्प्युटरमध्ये एक नमुना ठेवलेला असतो. नाव-गाव बदललं की प्रिंट हातात. कधी कधी आधीच्या माणसाचं पदसुद्धा तसंच राहतं, आणि शिपाई पदाचा अर्ज वेल्डरच्या जागेसाठी जातो.

त्या नमुन्यातली एक ओळ सगळ्यांना पाठ आहे : 'माझी घरची परिस्थिती गरिबीची असून मला नोकरीची नितांत गरज आहे, तरी सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा ही नम्र विनंती.'

परिस्थिती खरीच असते, त्यात शंका नाही. पण अर्ज वाचणाऱ्याच्या टेबलावरच्या गठ्ठ्यात निम्म्याहून जास्त अर्जांत तीच ओळ असते. गरज सगळ्यांनाच आहे, त्यामुळे गरज वाचून त्याला कुणाला निवडायचं ते ठरवता येत नाही. आपल्याकडचं काम यातला कोण करील, एवढंच त्याला बघायचं असतं. त्याचं उत्तर पहिल्या पाच-सहा ओळीत मिळालं तर अर्ज बाजूला निघतो, नाहीतर गठ्ठ्यात राहतो.

अर्ज कुठे चालतो, कुठे नाही

पोलीस भरती, तलाठी, जिल्हा परिषद अशा सरकारी भरतीत ऑनलाइन फॉर्म असतो. अंगणवाडी मदतनीस पदाला जाहिरातीसोबत नमुना मिळतो. तिथे स्वतःच्या मनाचं पत्र लिहायचं नाही, नमुना जसाच्या तसा भरायचा.

खासगी कंपनी, दूध संस्था, पतसंस्था, खासगी शाळा, दवाखाना, कृषी सेवा केंद्र, शोरूम, गोडाऊन इथे मात्र बायोडाटासोबतचा अर्ज वाचला जातो. अशा ठिकाणी माणूस निवडणारा बहुतेक वेळा स्वतः मालक किंवा मॅनेजरच असतो.

बायोडाटा वेगळा, अर्ज वेगळा

बायोडाटात तुमची सगळी माहिती असते : शिक्षण, कोर्स, अनुभव, पत्ता. तो सगळीकडे जवळजवळ सारखाच जातो. अर्ज मात्र त्या एका जागेसाठी असतो. बायोडाटातलं जे त्या जागेला उपयोगाचं आहे, तेवढंच उचलून अर्जात सांगायचं. म्हणून प्रत्येक ठिकाणी अर्ज नवा लिहावा लागतो.

आणखी एक. लग्नाचा बायोडाटा आणि नोकरीचा बायोडाटा एक नाही. उंची, रक्तगट, कुलदैवत, मामांचं गाव हे नोकरीच्या कागदावर नको.

'मला अनुभव नाही' असं लिहू नका

बारावी झालेल्या पोराला विचारलं, काय काय येतं, तर तो म्हणतो, काही नाही, घरची शेती बघतो. आता शेती बघतो म्हणजे काय, ते उलगडून बघा.

ठिबकचा संच जोडला, फिल्टर धुतला, व्हेंचुरीने खत सोडलं, हे ठिबकच्या डीलरकडे अनुभव म्हणून चालतं. मोटर, स्टार्टरचं काम येतं, तर ते कारखान्याच्या मेंटेनन्स विभागाला उपयोगाचं. कांदा किंवा द्राक्षाच्या हंगामात मजुरांची हजेरी आणि पगाराची वही ठेवली, तर ते पॅकहाउसमध्ये सुपरवायझरच्या कामाचं. ट्रॅक्टर चालवता येतो आणि लायसन्स आहे, तर तेही लिहायचं.

बायांनी तर हे जास्त लक्षात ठेवावं. लग्नानंतर आठ-दहा वर्षे घरी होते, आता काय लिहू, असं त्या म्हणतात. बचत गटाच्या सचिव म्हणून मासिक बैठकीचं इतिवृत्त लिहिलं असेल, कर्जाचे हप्ते वसूल करून बँकेत भरले असतील, तर तो हिशोबाच्या कामाचा अनुभव आहे. पतसंस्थेला नेमकं तेच काम लागतं.

२०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत ज्यांनी ग्रामपंचायतीत किंवा शाळेत काम केलं, त्यांनीही नुसतं 'प्रशिक्षण पूर्ण केले' लिहून थांबू नये. तिथे घरपट्टीच्या पावत्या केल्या, दाखले टाइप केले, शाळेच्या ऑनलाइन नोंदी भरल्या, जे केलं ते नावानिशी लिहावं.

फक्त एक पथ्य पाळा. न केलेलं काम लिहू नका. मुलाखतीत दोन प्रश्नांत ते उघडं पडतं, आणि पंचक्रोशीत नाव जातं.

एक उदाहरण बघू

समजा, तालुक्यातल्या एका दूध शीतकरण केंद्राने सूचना लावली : 'दूध संकलन सहाय्यक पाहिजे. बारावी पास, कॉम्प्युटरचे ज्ञान आवश्यक. पहाटेची पाळी.' गावच्या डेअरीत हाताखाली काम केलेल्या मुलाने असा अर्ज करावा :

प्रति,
मा. व्यवस्थापक,
(केंद्राचे नाव व पत्ता)

विषय : दूध संकलन सहाय्यक पदासाठी अर्ज

महोदय,

आपल्या केंद्राच्या फलकावरील (दिनांक) च्या सूचनेनुसार मी दूध संकलन सहाय्यक पदासाठी अर्ज करत आहे.

मी बारावी विज्ञान उत्तीर्ण असून एमएस-सीआयटी केले आहे. गेली दोन वर्षे गावातील दूध डेअरीत सकाळच्या वेळी मदतनीस म्हणून काम करतो. रोज साधारण ६० उत्पादकांचे दूध येते. नमुना काढणे, मशीनवर फॅट व एसएनएफ तपासणे, वजनाची नोंद करणे आणि कॉम्प्युटरवरून पावती देणे ही कामे मी स्वतः करतो. दर दहा दिवसांच्या बिलाची यादी सचिवांसोबत तयार करतो.

सूचनेत पहाटेच्या पाळीची अट आहे. माझे गाव केंद्रापासून ८ किलोमीटरवर आहे. माझ्याकडे मोटारसायकल व लायसन्स असल्याने पहाटे ५ वाजता हजर राहू शकतो.

सोबत बायोडाटा, बारावीची गुणपत्रिका व एमएस-सीआयटी प्रमाणपत्राची झेरॉक्स जोडली आहे. माझ्या कामाबद्दल डेअरीच्या सचिवांकडे चौकशी करता येईल. त्यांना विचारून त्यांचा नंबर बायोडाटात दिला आहे. बोलावल्यास मूळ कागदपत्रांसह मुलाखतीस येईन.

आपला विश्वासू,
(सही, नाव, गाव, मोबाइल नंबर)

आता हा अर्ज मॅनेजरच्या जागी बसून वाचा. पहिल्याच ओळीत कोणत्या जागेचा अर्ज आहे ते कळलं. दुसऱ्या परिच्छेदात काम कळलं, आकड्यासकट. '६० उत्पादक' वाचलं की सकाळच्या गर्दीत हा पोरगा गोंधळणार नाही, हे त्याच्या ध्यानात येतं. तिसऱ्या परिच्छेदात त्याच्या डोक्यातल्या शंकेला उत्तर आहे. पहाटेच्या पाळीला माणूस वेळेवर येईल का, ही त्याची खरी काळजी. अख्ख्या अर्जात 'मी मेहनती व प्रामाणिक आहे' असं कुठेच नाही, तरी तो तसा वाटतो. आणि सगळं एका पानात बसलं.

जे लिहिलं त्याची तयारी मात्र ठेवा. फॅट तपासतो असं लिहिलं, तर गायीच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून सांगतात, एवढं विचारल्यावर सांगता आलं पाहिजे.

मराठी की इंग्रजी?

जाहिरात ज्या भाषेत, अर्ज त्या भाषेत. संस्था आणि दुकानांना मराठीच बरी. कंपनीने इंग्रजीत मागितला तर साधी, छोटी वाक्यं करा आणि जाणत्याकडून तपासून घ्या. मोबाइलवरच्या एआय ॲपकडून लिहून घेतला तरी हरकत नाही, पण तो जड शब्दांचा आणि सगळ्यांना सारखाच देतो. त्यातलं जे वाक्य तुम्हाला तोंडाने समजावून सांगता येत नाही, ते काढून टाका.

मोबाइलवरून पाठवताना

अर्ज पीडीएफ करूनच पाठवा. झेरॉक्सवाल्याने श्रीलिपी किंवा तसल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडली की नुसती चिन्हं दिसतात. फाइलला तुमचं नाव आणि पद द्या, 'स्कॅन००१२' असं नको.

ईमेलच्या विषयात पद आणि नाव लिहा, आणि मेल कोरा सोडू नका. दोन ओळी लिहून मग फाइल जोडा. ईमेल आयडी नावाचाच असावा. 'बादशाह', 'किंग' असले आयडी मित्रांपुरते ठेवा.

व्हॉट्सॲपवर मागितलं असेल तर नुसतं 'सर जॉब आहे का' असं टाकू नका. नाव, गाव, कोणत्या जागेसाठी आणि काय काम येतं, एवढं चार ओळीत लिहून मग पीडीएफ पाठवा.

अर्ज हातोहात दिला तर दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. आठ-दहा दिवसांनी एकदा फोन करून विचारायला हरकत नाही. रोज करू नका.

कागदपत्रं आणि पैसे

मूळ प्रमाणपत्रं कुणाकडेही ठेवू नका. ती दाखवायची आणि परत घ्यायची. पहिल्या अर्जाला आधार, पॅन, पासबुक जोडायची गरज नसते. आधार मागितलंच तर ज्यात फक्त शेवटचे चार अंक दिसतात ते मास्क केलेलं आधार द्या.

लग्नानंतर नाव बदललेल्या महिलांनी 'गुणपत्रिका माहेरच्या नावाने आहे' अशी एक ओळ अर्जात टाकावी आणि विवाह नोंदणी दाखल्याची किंवा गॅझेटची झेरॉक्स जोडावी. नाहीतर दोन नावं बघून अर्ज बाजूला पडतो.

नोकरी लावतो म्हणून फॉर्म फी, ट्रेनिंग फी, युनिफॉर्मचे पैसे असं काही आधीच मागितलं तर थांबा. एक रुपयाही पाठवू नका. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा. जितक्या लवकर कराल तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

ओळख नाही, मग काय?

ओळखीशिवाय काही होत नाही, असं पोरं म्हणतात. काही ठिकाणी ते खरंही आहे. तिथे कितीही चांगला अर्ज केला तरी उपयोग होणार नाही. पण प्रत्येक जागा चिठ्ठीवर भरत नाही. पहाटे ५ ला येणारा, मशीन सांभाळणारा, हिशोब न चुकवणारा माणूस मालकालाही पाहिजेच असतो. त्याला फक्त तुम्ही तो आहात हे माहीत नसतं. ते सांगायला हे एकच पान आहे.

आज रात्री वहीचं एक पान घ्या. गेल्या दोन वर्षांत हाताने जी कामं केली, ती सगळी त्यावर लिहून काढा, लहान-मोठं न बघता. पुढची जाहिरात आली की त्या यादीतली तीन कामं निवडा, आणि झेरॉक्सच्या दुकानात तुमचाच मजकूर टाइप करायला सांगा.